कोरड्या विहिरींची दोन वर्षं

विद्यापीठात पाहुणा आला की त्याला विज्ञान ग्रंथालय दाखवायचं, हा रिवाज मी नोकरीला लागलो तेव्हाही होता आणि अलीकडे निवृत्त झालो तेव्हाही होता. दाखवायचं म्हणजे बाहेरून. मोटार पोर्चसमोर हळू व्हायची, शेजारी बसलेले अधिकारी काचेतून बोट करायचे आणि "हे आमचं हृदय" असं सांगायचे. पाहुणा मान हलवायचा. मोटार मग विश्रामगृहाकडे वळायची, कारण तिथे जेवण तयार असायचं. इतक्या वर्षांत आत येऊन पाहणारे पाहुणे मी हाताच्या बोटांवर मोजीन, आणि त्यांतले दोघे स्वच्छतागृह कुठे आहे हे विचारायला आले होते.

रोज येणारी माणसं वेगळी होती. दार उघडायच्या आधीपासून पायरीवर पोरंपोरी बसलेली असत. भरतीच्या परीक्षांची तयारी करणारी. त्यांची पुस्तकं त्यांच्या पिशवीतच असत. त्यांना आमच्याकडून टेबल, पंखा आणि गार पाणी एवढंच हवं असे. विज्ञानाशी त्यांचा संबंध मे महिन्यात यायचा. दुपारी झोप अनावर झाली की रसायनशास्त्राचे जाड खंड ती डोक्याखाली घेत. एक जर्मन खंड तर कितीतरी वर्षं खिडकीच्या झडपेला टेकण म्हणून होता. परभणीच्या उन्हात त्याचा निळा रंग उडून राखाडी झाला, पण खिडकी कधी आपटली नाही. प्राध्यापक मंडळी पदोन्नतीचा अर्ज भरायच्या दिवसांत येत आणि आपलेच लेख शोधून त्यांच्या झेरॉक्स काढून नेत.

मी देवघेवीच्या टेबलावर होतो. पुस्तक कोणी घरी नेलं की आत चिकटवलेल्या चिठ्ठीवर तारखेचा शिक्का मारायचा. पुढे संगणक आला, तेव्हा तीच तारीख संगणकात घालायची. मात्र तिथेच टेबलावर बसून वाचलेल्या पुस्तकाची नोंद आमच्याकडे कधीच होत नसे. 'वाचून झाल्यावर पुस्तक टेबलावरच ठेवावे' अशी पाटी होती. संध्याकाळी आम्ही ती उचलून जागेवर लावायचो. त्यामुळे व्हायचं असं, की जे पुस्तक रोज उघडलं जाई ते कागदोपत्री कोणीच वाचत नसे, आणि जे एखाद्याने घरी नेऊन दोन वर्षं फ्रिजवर ठेवलं ते वाचकप्रिय ठरे. हे सगळ्यांना दिसत होतं. त्यासाठी रजिस्टर नव्हतं, एवढंच.

तळमजल्यावर अगदी शेवटच्या रॅकच्या खालच्या फळीवर भूशास्त्र विभागाचे पाणीपातळी अहवाल होते. एकेकाळी त्या विभागात एक सर होते. जिल्ह्यातल्या ठरावीक विहिरींचं पाणी किती खोल आहे हे दर महिन्याला मोजायचं, असं त्यांनी मनावर घेतलं होतं. ताडकळसची एक विहीर, पालमच्या बाजूच्या काही, गंगाखेडकडच्या नदीकाठच्या काही. सोबत विभागातला एक परिचर, मापाची टेप बांधलेली दोरी, आणि दोरीच्या टोकाला शिशाचा गोळा. वर्ष संपलं की सर सगळे आकडे टंकलिखित करून त्याच्या मोजक्या प्रती काढत आणि एक प्रत ग्रंथालयाला देत. सर गेले. त्यांच्या मागे विहिरीत दोरी सोडायची हौस कोणाला राहिली नाही. विभागातल्या प्रती एका रंगकामात गेल्या. आमच्याकडची प्रत तेवढी उरली होती, काळ्या कापडी बांधणीत, पाठीवर सोनेरी अक्षरांत साल.

हे अहवाल टेबलावर घेऊन वाचणारी एकच व्यक्ती मला माहीत आहे. पालमच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या बाई. माहेर ताडकळसजवळचं. दर शनिवारी एसटीने यायच्या, डबा खिडकीत ठेवायच्या आणि चारपर्यंत उठायच्या नाहीत. त्यांचा प्रबंध असा होता, की पाऊस कमी पडतो तेव्हा काही विहिरी आटतात आणि काही टिकतात, ते खालच्या कोणत्या दगडामुळे. त्यांची नोंदणी जुनी झाली होती. एकदा मुदतवाढ घेऊन झाली होती. ठरलेल्या महिन्यात प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द, आणि कायम जागेची जाहिरात निघाली की पदवी नसलेल्यांचे अर्ज आधी बाजूला. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही डबा खाताना, भाजीत मीठ कमी पडलंय म्हणावं अशा आवाजात.

पहिल्याच महिन्यात त्या माझ्याकडे आल्या होत्या.

"सर, मधली दोन सालं न्हाईत. दोन्ही लागोपाठची. नेमकी दुष्काळाची."

मी फळी पाहिली. खरंच नव्हती. मग दाखल रजिस्टर काढलं. त्यातही त्या दोन सालांची ओळ नव्हती. रजिस्टरात नाही ते ग्रंथालयात नाही, असं मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं आणि मी ते फार चांगलं शिकलो होतो.

"त्या साली काम बंद असेल," मी म्हणालो. "विहिरीच आटल्या तर मोजणार काय?"

"मला बी तसंच वाटायलंय," त्या म्हणाल्या. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि कामाला लागल्या. दुष्काळाची दोन सालं नाहीत तर बेताच्या पावसाची तरी घ्यावीत, म्हणून त्यांनी आठ सालं निवडली आणि पुढे दोन वर्षं तीच वाचत राहिल्या. संध्याकाळी मी ते खंड उचलून जागेवर लावत राहिलो.

मग मूल्यांकन समिती येणार असं कळलं.

ज्यांनी विद्यापीठात नोकरी केलेली नाही त्यांना हे सांगून समजणार नाही. लग्नघरात निदान नवरा-नवरी तरी खरे असतात. सहा महिने झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना लागत होता. बंद पडलेल्या कारंज्यात पाणी आलं आणि त्यात प्लास्टिकची कमळं सोडली गेली. ग्रंथालयाच्या वाट्याला 'संवाद दालन' आलं. म्हणजे तळमजल्यावरचे रॅक काढायचे आणि तिथे रंगीत गाद्या, बुटकी टेबलं आणि भिंतीवर मोठा पडदा लावायचा. रॅक काढायचे तर पुस्तकं कुठे ठेवायची, हा प्रश्न एका बैठकीत कोणीतरी विचारला. पुढच्या बैठकीत निर्लेखनाचा ठराव आला. निर्लेखन म्हणजे पुस्तक दप्तरातून कमी करणं. दहा वर्षांत ज्याची एकदाही देवघेव झाली नाही ते पुस्तक बाद.

यादी संगणकाने काढली. दुपारभर प्रिंटर चालू होता. त्यात एका पानावर पाणीपातळी अहवाल ओळीने होते, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. ते कोणी घरी नेलेच नव्हते.

मी ग्रंथपाल साहेबांकडे गेलो. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या खोलीत दर दहा मिनिटांनी फोन वाजत होता आणि दर फोनला ते खुर्चीतून थोडे उठत होते.

"साहेब, हे अहवाल एक मॅडम दर शनिवारी वाचतात."

"नोंद आहे?"

"टेबलावर वाचतात."

"मग नोंद नाही." त्यांनी यादी माझ्याकडे सरकवली. "हे बघा, यादी संगणकाने काढलीय. त्यात आपण एकदा हात घातला की उद्या प्रत्येक विभाग हात घालणार. मग दालन कुठे करायचं? माझ्या घरी?"

"पण साहेब, दुसरी प्रत कुठेच नाही."

"दुसरी प्रत नसलेली खूप पुस्तकं आहेत. म्हणूनच ती कोणी मागत नाही."

मी यादी उचलली. मात्र दारातून बाहेर पडताना एक गोष्ट ध्यानात आली. जे पुस्तक आज कोणाच्या नावावर घरी गेलेलं आहे ते संगणक अंतिम यादीतून आपोआप वगळतो, कारण हातात नसलेलं पुस्तक बाद करता येत नाही. माझ्या कार्डावर पाच पुस्तकं मिळत. संशोधक म्हणून बाईंच्या कार्डावर तीन. पाच आणि तीन आठ. त्यांना लागणारी सालंही आठ. इतका नेमका मेळ माझ्या आयुष्यात फार कमी वेळा बसला आहे. मी त्यांना फोन केला. त्या शनिवारची वाट न पाहता दुसऱ्या दिवशीच आल्या.

"कोणती आठ?" मी विचारलं.

त्यांनी यादी दिली. मी फळीसमोर उकिडवा बसलो आणि पाठीवरची सालं वाचत एकेक खंड काढून त्यांच्या हातात दिला. मध्ये एक चांगला जाड खंड हाताला लागला.

"हे?"

"ते भरल्या पावसाचं साल हाय सर. सुरुवातीची पानं बघितली मी. समद्या विहिरी काठोकाठ. माझ्या कामाचं न्हाई."

मी तो परत सरकवला. आठही खंडांवर शिक्के मारले, संगणकात घातले. पाच माझ्या घरी आले, पलंगाखाली. बायको म्हणाली, "आता हे काय आणलंत?" मी म्हणालो, "विहिरी." ती पुढे काही बोलली नाही. तीस वर्षांच्या संसाराचा तेवढा फायदा असतो.

पुढच्या आठवड्यात टेम्पो आला. पुस्तकं पोत्यांत भरून गेली. सोबत एक दाखला करायचा होता: 'सदर ग्रंथ कालबाह्य असून अध्ययन, अध्यापन व संशोधन यांस उपयुक्त नाहीत.' खाली तीन सह्या. ग्रंथपालांची, विभागाच्या प्रतिनिधीची आणि प्रत्यक्ष पडताळणी केली म्हणून माझी. मी सही केली. हजारांवर पुस्तकं होती. प्रत्येकाची पडताळणी करायची तर समिती येऊन जाऊन पुढची समिती आली असती. खरं सांगायचं तर सही करताना मला थोडा अभिमानच वाटत होता. सगळं बुडत असताना आपण आठ खंड वर काढले, असा.

समिती आली. संवाद दालनात अकरा मिनिटं होती. एवढ्या मोठ्या दालनाच्या भिंती बोडक्या दिसतील म्हणून एका भिंतीवर पुस्तकांनी भरलेल्या रॅकच्या चित्राचा कागद चिकटवला होता. रॅक होते तीच ती भिंत. समितीतल्या एका वयस्कर सदस्यांनी चष्मा वर केला आणि एक पुस्तक काढायला हात पुढे केला. बोटं कागदावरून घसरली. साहेब घाईने म्हणाले, "ही आमची थीम आहे सर." सदस्यांनी हात खिशात घातला. मग सगळ्यांनी त्याच भिंतीसमोर फोटो काढला.

त्यानंतर महिनाभराने, एका शनिवारी, बाई एका म्हाताऱ्या माणसाला घेऊन आल्या. मी ओळखलं. भूशास्त्र विभागातले परिचर, निवृत्त होऊन पंधराएक वर्षं झाली असतील. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. सरांबरोबर दोरी घेऊन जाणारे तेच. बाई ताडकळसला विहिरींच्या जागा पाहायला गेल्या होत्या, तिथे ते भेटले.

"सर, मामा काय म्हणायलेत ते ऐका," बाई म्हणाल्या. त्या उभ्याच होत्या.

मामा खुर्चीत टेकले. "ह्या म्हणायल्यात, त्या दोन साली मोजणी झाली न्हाई. कुणी सांगितलं यांना?"

मी दाखल रजिस्टर जवळ ओढलं.

"मोजल्या की. मीच शिसं सोडायचो. एक महिना खाडा न्हाई."

"पण मामा, विहिरी कोरड्या होत्या ना?" मी म्हणालो.

"कोरडी हाय म्हणायला बी दोरी सोडावीच लागती की." मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू नोकरीला नवीन लागलेला मीच आहे. "मी वरून वरडायचो, कोरडी. सर लिहायचे, कोरडी. गावातली माणसं हसायची. म्हणायची, दिसायलंय की डोळ्याला, दोरी कशाला? सर म्हणायचे, दिसतंय ते सोडा, मोजा. आन् समद्याच न्हवत्या कोरड्या. तीन-चार विहिरींना पाणी होतं. त्याच्याच तर पायी सर येडे झाले होते."

बाई माझ्याकडे पाहत होत्या. त्या तीन-चार विहिरी म्हणजेच त्यांचा प्रबंध होता.

"अहवाल निघाला होता त्याचा?" मी विचारलं.

"निघाला ना. बारका होता. दोन्ही सालं मिळून एवढाले." मामांनी अंगठा आणि बोट जवळजवळ चिकटवून दाखवलं. "आकडेच न्हाईत तर पानं कशाची भरायची? मीच आणून दिले हितं. तुमच्याच हातात."

माझ्याच हातात. मग एकेक आठवायला लागलं, आणि नंतर थांबेना.

त्या काळी बांधणीसाठी वर्षाला किती पुस्तकं पाठवायची हे ठरलेलं असे. स्टेशन रोडवर एक बाइंडर होता. वीस-पंचवीस पानांच्या पातळ चोपड्या पाहिल्या की तो कपाळाला हात लावायचा, कारण त्यांच्या पाठीवर अक्षरं बसत नसत. म्हणून मी एक पद्धत पाडली होती. पातळ अंक आधीच्या जाड अंकाच्या मागे बांधायचा आणि पाठीवर पहिल्याचंच साल टाकायचं. बांधणी वाचते, फळीवरची जागा वाचते. त्या वेळच्या साहेबांनी माझं कौतुक केलं होतं. दाखल रजिस्टरात मग एका बांधणीची एकच ओळ. आतमध्ये काय काय आहे ते मला माहीत होतं, त्यामुळे वेगळं लिहून ठेवायची गरज कोणाला वाटली नाही. मलाही नाही.

तो भरल्या पावसाच्या सालाचा जाड खंड. भरलं साल आणि त्याच्या पाठीशी दोन कोरडी. मी तो हातात घेऊन, "हे?" असं विचारून, परत सरकवला होता.

वर माळ्यावर बांधणीची जुनी वही होती. मी एकटाच जाऊन पाहून आलो. माझंच अक्षर, तेव्हा जरा गोल येत असे. तीन सालं एकत्र, असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

खाली येऊन बाईंना सांगितलं. त्यांनी मला दोष दिला असता तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "टेम्पो कुठं गेला सर?" कागद कारखान्याचा नंबर पावतीवर होता. मी फोन केला. पलीकडचा माणूस समजूतदार होता. म्हणाला, "साहेब, दोन महिने झाले. त्याचा लगदा होऊन पुठ्ठासुद्धा निघाला असेल." मामा म्हणाले, "मला तोंडपाठ हाय की, कोणत्या विहिरीला पाणी होतं ते. लिहून घ्या." बाईंनी खरंच वही काढून लिहून घेतलं. पण मामांच्या आठवणीला तळटीप काय द्यायची, असं त्यांच्या मार्गदर्शकांनी विचारलं, आणि तो प्रश्न चुकीचा नव्हता.

एक रस्ता होता. मामांनी सांगितलेल्या विहिरींवर पुन्हा जाऊन आतला दगड नव्याने तपासायचा, म्हणजे त्या का टिकल्या हे तरी मांडता आलं असतं. त्याला सहा महिने लागले असते. विशेष मुदतवाढ मिळू शकत होती, पण कारण लेखी हवं होतं: त्या दोन सालांचे अहवाल ग्रंथालयात होते आणि संशोधन चालू असताना ग्रंथालयाने ते बाद केले, असं ग्रंथालयाचं पत्र. बाईंनी अर्ज दिला. तो साहेबांच्या टेबलावर गेला आणि साहेबांनी मला बोलावलं.

"बसा," ते म्हणाले. एरवी बसा म्हणत नसत. "दाखल्यावर काय लिहिलंय आपण? संशोधनास उपयुक्त नाही. सही कोणाची आहे?"

"माझीही आहे."

"आता लिहायचं, उपयुक्त होतं, पण आम्ही टाकून दिलं. समितीचा निकाल यायचाय. तुम्ही वर्षभरात निवृत्त होताय. चौकशी लागली तर कोणाच्या मागे लागेल?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "मी काही खोटं लिहा म्हणत नाही. रजिस्टरात जे आहे ते लिहा. रजिस्टरात आहेत का ती दोन सालं?"

"नाहीत."

"झालं तर."

मजकूर त्यांनी सांगितला, टाइप मी केला. 'दाखल नोंदवहीनुसार सदर दोन वर्षांचे अहवाल या ग्रंथालयात दाखल झाल्याचे आढळून येत नाही.' त्यात एकही शब्द खोटा नव्हता. इतकं निर्दोष वाक्य मी नोकरीत दुसरं लिहिलेलं नाही. पत्रावर सही माझी होती, देवघेव विभागाची म्हणून.

शनिवारी बाई आल्या. त्यांनी पत्र दोनदा वाचलं.

"सर, हे खरं हाय?"

"खरं आहे."

बांधणीची वही माळ्यावर आहे हे त्यांना मीच सांगितलं होतं. ती खाली आणा, असं त्या म्हणतील म्हणून मी वाट पाहत होतो. त्या म्हणाल्या असत्या तर मी आणली असती, असं मला वाटतं. नक्की सांगता येत नाही. त्यांनी पत्राची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली.

"ठीक हाय मग," त्या म्हणाल्या.

मुदतवाढ मिळाली नाही. बाईंनी ठरलेल्या महिन्यात प्रबंध दिला. तोंडी परीक्षा झाली, पदवी मिळाली. पेढे घेऊन आल्या तेव्हा आठांपैकी तीन खंड परत केले. माझे पाच मी दुसऱ्या दिवशी आणले. आता ते वरच्या मजल्यावर एका कपाटात आहेत, कुलपात.

माझ्या शेवटच्या महिन्यात प्रबंधाची ग्रंथालयाची प्रत आली. दाखल मीच केली. इंग्रजीत, मरून रंगाच्या बांधणीत. दुसऱ्या प्रकरणात एक वाक्य होतं: या दोन वर्षांत निरीक्षणं घेण्यात आली नाहीत. त्याला आधार म्हणून परिशिष्टात माझं पत्र जोडलेलं होतं, सही-शिक्क्यासह. मार्गदर्शकांनीच तसं सुचवलं असणार, कारण 'उपलब्ध नाहीत' म्हटलं की परीक्षक का म्हणून विचारतो, आणि 'घेतलीच नाहीत' म्हटलं की विचारत नाही. यापुढे जो कोणी या जिल्ह्याच्या विहिरींवर काम करील त्याला हे वाक्य सापडेल, त्याखाली आधार सापडेल, आणि तो पुढच्या पानावर जाईल.

त्यानंतर एका सोमवारी मामा आले. धुतलेलं धोतर, खिशात चष्म्याचं घर.

"बाईंचं बुक आलंय म्हणं इथं. बघावं म्हणलं."

मी प्रबंध काढून त्यांच्यापुढे ठेवला. आभाराचं पान उघडलं. "हे बघा, इथे तुमचं नाव आहे." त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मी दाखवलं तिथे त्यांनी बोट ठेवलं आणि मान हलवली.

"आन् त्या दोन सालांचं कुठं हाय?"

तेव्हा सांगता आलं असतं. वाचनालयात फारसं कोणी नव्हतं. मी पानं उलटली आणि एक तक्ता काढला. ताडकळसची विहीर त्यात वरच होती. दुसऱ्याच एका सालाचा तक्ता होता तो.

"हे," मी म्हणालो.

मामांनी चष्मा लावला आणि पानावर वाकले. अक्षरं येत नसली तरी आकडे त्यांना येत होते. टेपवरचे आकडे ओरडून सांगण्यातच त्यांचा जन्म गेला होता. एका ओळीवरून बोट सावकाश शेवटपर्यंत नेलं. मग दुसऱ्या ओळीवरून.

"ह्यात तर समद्या महिन्यांचे आकडे हायेत," ते म्हणाले.

मी पान उलटायला गेलो, पण त्यांनी बोट उचललं नाही.

"त्या साली आकडा कुठला? आषाढापासून मी कोरडी म्हणूनच सांगायलो होतो. सर लिहायचे."

"छापताना कधी कधी..." मी सुरुवात केली. पुढे काय म्हणायचं ते मला माहीत नव्हतं.

मामांनी चष्मा काढला, घरात ठेवला. प्रबंध मिटून माझ्याकडे सरकवला. "ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "ताडकळसची गाडी कितीला हाय आता?"

"पाऊण तास आहे अजून. बसा ना, चहा सांगतो."

"नगं. बाहीर बसतो."

ते पायरीवर जाऊन बसले, परीक्षेच्या पोरांच्या शेजारी. काचेतून त्यांची पाठ दिसत होती. पाऊण तासात मी कधीही बाहेर जाऊ शकलो असतो. टेबलांवर पुस्तकं पडली होती. मी ती उचलून जागेवर लावायला घेतली.